सवलतीची लाज

रमजानच्या पहाटे सहरीची वेळ संपत आली की घरात सगळ्यांच्या नजरा घड्याळाकडे लागतात. शेवटचा घास, शेवटचा घोट पाणी, आणि अलीकडे कित्येक घरांत त्याच घाईत आणखी एक वस्तू पोटात जाते. ती म्हणजे पित्ताची गोळी. उशाखाली, शिवणयंत्राच्या खणात, सदऱ्याच्या खिशात तिची चंदेरी पट्टी असते. आम्हीही ती वर्षानुवर्षे घेतली. कधी उघडपणे घेतली, कधी घरच्यांची नजर चुकवून. पण ती घेताना आपण नेमके काय करतो आहोत, हा प्रश्न आम्ही स्वतःला फार उशिरा विचारला. तो विचारायला भाग पाडले मोहल्ल्यातल्या एका चाचांनी.

चाचा सोलापुरात यंत्रमागावर काम करीत. बारा तासांची पाळी, तीही बहुतेक उभ्याने. गुडघे आणि कंबर दुखे म्हणून ते औषधाच्या दुकानातून पेनकिलर आणत. पेनकिलरने पोटात आग पडे म्हणून त्याच दुकानातून पित्ताची गोळी. दोन्ही एकाच पुडीत. पुढे डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासणी केली, अल्सर असल्याचे सांगितले आणि या वर्षी रोजे ठेवू नका असे बजावले. चाचांनी हे घरात कुणालाच सांगितले नाही. सहरीला एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या आणि रोजे सुरू केले. सतराव्या रोजाला ते मागाजवळच चक्कर येऊन पडले. दोन-तीन दिवस त्यांना डांबरासारखे काळे शौचाला होत होते. ते अल्सरमधून झिरपणारे रक्त होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, तेव्हा ते वाचले.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा आम्ही विचारले, "चाचा, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? मग का?" ते छताकडे बघत म्हणाले, "बेटा, अल्ला तो माफ करता. लोगां क्या बोलेंगे?"

हे वाक्य आम्हाला कित्येक दिवस छळत राहिले. अल्लाह माफ करतो याची त्या माणसाला पुरेपूर खात्री होती. खात्री नव्हती ती माणसांची. म्हणजे त्यांनी रोजा ठेवला तो कोणासाठी? आणि ती जास्तीची गोळी घेतली ती पोटासाठी की मोहल्ल्यासाठी?

आजारी माणसाला रोजातून सवलत आहे, ही काही कुणा सुधारकाने अलीकडे काढलेली पळवाट नाही. ज्या सूरह अल्-बकरामध्ये रोजा फर्ज झाल्याचे सांगितले आहे, तिथेच, १८४ आणि १८५ या आयतींमध्ये, आजारी माणसाने आणि प्रवाशाने ते दिवस नंतर भरून काढावेत असे सांगितले आहे. आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अवघडपणा नको, हा आशयही तिथेच येतो. हुकूम आणि सवलत बरोबरच आलेली आहेत. मग आम्ही एकाच श्वासातला अर्धा भाग डोक्यावर घेतो आणि उरलेल्या अर्ध्याची लाज का बाळगतो?

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. प्रवासात एका माणसाभोवती गर्दी जमली होती आणि लोक त्याच्यावर सावली धरून उभे होते. प्रेषितांनी विचारले, काय झाले? तो रोजादार आहे, असे उत्तर मिळाले. त्यावर त्यांनी त्या माणसाचे कौतुक केले नाही. प्रवासात असा रोजा ठेवणे ही काही नेकी नव्हे, असे ते म्हणाले. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातला दुसरा एक प्रसंग याहून कठोर आहे. डोक्याला जखम झालेल्या एका माणसाला आंघोळ करणे भाग होते. आम्हाला तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी आहे म्हटल्यावर सवलत नाही, असे त्यांनी सांगून टाकले. त्याने आंघोळ केली आणि तो मेला. प्रेषितांना हे कळले तेव्हा त्यांनी त्या मृत्यूची जबाबदारी सोबत्यांवर टाकली. माहीत नव्हते तर विचारले का नाही, असे त्यांना फटकारले.

आम्ही हा प्रसंग लहानपणापासून ऐकत आलो, पण आपण त्या सोबत्यांच्या जागी असू शकतो हे कधी मनात आले नाही. चाचांना कुणी "रोजा ठेवाच" असे म्हटले नव्हते. पण रमजानमध्ये आमचा पहिला प्रश्न कोणता असतो? "रोजा है ना?" चहाच्या टपरीवर, कामाच्या ठिकाणी, नात्यागोत्यात, सगळीकडे हाच प्रश्न. विचारणारा सहज विचारतो. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याच्यासाठी ती हजेरी असते. 'नाही' म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला, "का?" मग भर रस्त्यात आपल्या पोटाची, शौचाची, उलटीची कहाणी सांगा. त्यापेक्षा गोळी गिळून 'हो' म्हणणे सोपे.

मशिदीत पाहावे. आता बहुतेक मशिदींत सफच्या कडेला खुर्च्या दिसतात. गुडघे गेलेले लोक खुर्चीवर बसून नमाज पढतात आणि कुणी त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघत नाही. गुडघ्याचे दुखणे दिसते. माणूस लंगडतो, काठी टेकतो. पोटातली जखम कुणाला दिसत नाही. ज्याचा आजार दिसतो त्याला आम्ही सवलत आपणहून देतो आणि ज्याचा दिसत नाही त्याच्याकडे पुरावा मागतो. हा न्याय आमचा आहे. शरीअतने असा फरक केलेला नाही.

घरातल्या बायकांना हे आम्हा पुरुषांपेक्षा चांगले ठाऊक आहे. महिन्यातले काही दिवस त्यांना रोजा नसतो, तो ठेवायचाच नसतो. तरीही कित्येक घरांत त्या दिवसांत त्या दार लोटून, भिंतीकडे तोंड करून, उभ्याउभ्याच दोन घास खातात. सासऱ्यांना, दिरांना, पोरांना कळू नये म्हणून. सहरीसाठी सर्वांत आधी उठायचे आणि इफ्तारला सर्वांत शेवटी, उरलेसुरले खायचे, मधल्या वेळी कोऱ्या चहावर भागवायचे. मग छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि पुन्हा तीच चंदेरी पट्टी. ज्या घरात बाईला अल्लाहने दिलेली सवलत लपवावी लागते, त्या घरात आजारी पुरुषालाही ती लपवावीच लागणार. लाज घरातूनच शिकली जाते.

आता गोळीकडे वळू. तिला दोष देण्याचा आमचा अजिबात इरादा नाही. तिने किती दुःख कमी केले ते पाहिले पाहिजे. एके काळी जठराचा अल्सर म्हणजे जन्माचे दुखणे होते. पथ्य, दूध, पांढऱ्या औषधाच्या बाटल्या, आणि शेवटी जठराचा भाग किंवा आम्लाला चेतवणारी नस कापून टाकण्याची शस्त्रक्रिया. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून आलेले सिमेटिडीन १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले. जठरातले आम्ल कमी करून अल्सर भरून आणणारे हे औषध क्रांतिकारक ठरले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी ओमेप्रेझोल आले. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, ते पंपच ही गोळी बंद पाडते. आज घरोघरी दिसणाऱ्या पँटोप्रेझोल, राबेप्रेझोल या तिच्याच बहिणी.

पण यात एक अडचण होती. औषध घेतले की अल्सर भरे, सोडले की बऱ्याच जणांना परत होई. म्हणजे आग विझत होती, पण काडी लावणारा सापडला नव्हता. तो सापडला ऑस्ट्रेलियात, पर्थ शहरात. रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवून दिले की बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. तोवर डॉक्टर अल्सरचे खापर रागीट स्वभावावर, काळजीवर, तिखट खाण्यावर फोडत. जंतूची गोष्ट कुणी मानेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी स्वतःच त्या जंतूंचे पाणी पिऊन टाकले. काही दिवसांतच त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आल्याचे तपासणीत दिसले. या दोघांना २००५ साली नोबेल मिळाले. आज अशा अल्सरवर आम्ल कमी करणारी गोळी आणि तिच्या जोडीला अँटिबायोटिक्स असा साधारण चौदा दिवसांचा उपचार देतात. जंतू गेला की अल्सर बहुधा परत येत नाही.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. आमच्या फिकहमध्ये आजारी माणसांचे दोन प्रकार मानले आहेत. ज्याच्या बरे होण्याची आशा आहे त्याने सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे, म्हणजे कजा करायचे. ज्याच्या बरे होण्याची आशाच नाही त्याने प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचे, म्हणजे फिदया द्यायचा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जुनाट अल्सरचा माणूस बहुधा दुसऱ्या प्रकारात गणला गेला असता. आज तोच माणूस पहिल्या प्रकारात येतो. पर्थच्या प्रयोगशाळेतल्या दोन माणसांनी, त्यांना कल्पनाही नसताना, आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाची धार्मिक जबाबदारी बदलून टाकली. पूर्वी त्याने म्हणायचे होते, "मला जमणार नाही, माझ्याऐवजी कुणी गरीब जेवो." आता त्याने म्हणायचे आहे, "मी आधी बरा होतो, मग भरून काढतो."

म्हणून नुसत्या गोळीवर वर्षानुवर्षे दिवस काढणे आम्हाला आता पूर्वीइतके निरागस वाटत नाही. जे बरे होऊ शकते ते बरे न करता फक्त गप्प करणे, यात काहीतरी चुकते. दुखणे हे शरीराचे बोलणे आहे. बुखारीमध्ये सलमान फारसी आणि अबू दर्दा यांचा प्रसंग येतो. अबू दर्दा दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांत बुडालेले होते. सलमान यांनी त्यांना सांगितले की तुझ्या रबचा तुझ्यावर हक्क आहे, तसा तुझ्या जिवाचाही आहे आणि घरच्यांचाही आहे, आणि प्रेषितांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. आता ज्याचा हक्क आहे त्याचे निदान ऐकून तरी घ्यायला नको का? हक्कदार दारात ओरडतो आहे आणि आम्ही त्याच्या तोंडात गोळी कोंबून दार लावून घेतो.

याचा अर्थ गोळी घेऊन रोजा ठेवणे हे ढोंग आहे, असा मुळीच नव्हे. चष्मा लावून कुराण वाचणाऱ्याला कोणी ढोंगी म्हणत नाही. ज्याच्या अन्ननलिकेच्या खालची झडप सैल आहे आणि आम्ल वर येते, त्याला कदाचित ही गोळी दीर्घकाळ लागेल. ज्याला पूर्वी अल्सर होऊन गेला आहे आणि हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घ्यावी लागते, त्याचा तर ती जीव वाचवते. अशा माणसाला डॉक्टरांनी गोळी घेऊन रोजा ठेवायला हरकत नाही म्हटले असेल, तर ती गोळीही अल्लाहची रहमतच आहे. गोळी एकच असते. फरक पडतो तो नियतचा. शरीराचे ऐकून, विचारून, कळून घेतलेली गोळी हा इलाज आहे. शरीराचे ऐकू येऊ नये म्हणून घेतलेली तीच गोळी हे खोटे बोलणे आहे, आणि ते आपण आधी स्वतःशी बोलतो.

आमचेही असेच होते. आम्हाला अल्सर नव्हता, आम्ल वर येण्याचा त्रास होता. इफ्तारला भजी, समोसे, वर थंडगार सरबत, तरावीहनंतर पुन्हा भरपेट जेवण. सहरीला खिमा-पराठा, फजर पढून झाली की लगेच आडवे. भरल्या पोटी आडवे झाले की आम्ल वर येणारच. आम्ही पोटाला शिव्या देत गोळी घ्यायचो, तीही जेवण झाल्यावर. ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, कारण जेवणाने पंप जागे होण्याच्या वेळी ती रक्तात असायला हवी, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर आम्ल काही काळ आणखी उसळते, आणि वर्षानुवर्षे घेतली तर काही जणांत बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते, हेही तेव्हाच कळले. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही तिरमिझी यांच्या संग्रहातली शिकवण आम्ही मात्र मदरशातच शिकलो होतो. भुकेच्या महिन्यात अति खाणे आणि त्याची किंमत गोळीने चुकती करणे, याला आम्ही इबादत समजत होतो.

आमच्या ओळखीतले काही जण कॅप्सूल घेताना विचारतात, हे कवच जिलेटिनचे आहे, ते कोणत्या जनावराचे? प्रश्न रास्त आहे आणि मार्गही आहे, कारण या जातीची काही औषधे साध्या गोळीच्या रूपातही मिळतात. पण कवच कशाचे हे विचारणाऱ्याने, आपण या कवचाआड काय झाकतो आहोत, हेही एकदा विचारावे.

आणि झाकण्याचे काम एकटा आजारी माणूस करीत नाही. अल्सरची दोन मोठी कारणे आहेत, एक तो जंतू आणि दुसरे पेनकिलर. जंतू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो, आणि दाटीची वस्ती, अस्वच्छ पाणी, एका खोलीत आठ-दहा माणसे असतील तिथे त्याचे फावते. पेनकिलर जठराच्या आतल्या अस्तराचे संरक्षण कमी करते, आणि ती सर्वांत जास्त खावी लागते ती ज्याला दुखत असूनही सुट्टी मिळत नाही त्याला. म्हणजे चाचांच्या पोटातली ती जखम काही अंशी आमच्या वस्तीची होती आणि काही अंशी बारा तासांच्या पाळीची. पूर्वी म्हणत, अल्सर रागीट माणसाला होतो. आता कळते की ज्याला रागवायलाही सवड नाही त्याला तो अधिक होतो. मशिदीच्या रंगकामासाठी वर्गणी काढताना गल्लीतल्या नळाला येणाऱ्या पाण्याबद्दलही आम्ही कधी बसून बोललो असतो, तर तेही दीनचेच काम ठरले असते.

दवाखान्यातून सुटल्यावर चाचांच्या तपासणीत तो जंतू सापडला. चौदा दिवसांचा उपचार झाला, डॉक्टरांनी पेनकिलर बंद केली आणि काही आठवड्यांनी जखम भरल्याचेही दिसले. पुढच्या थंडीत, दिवस लहान असताना, डॉक्टरांना विचारून चाचांनी राहिलेले रोजे एकेक करून भरून काढले. मोहल्ल्यात त्याचा कुणाला पत्ताही लागला नाही. सहरीला उठणारे घरात ते एकटेच. विचारणारे कुणी नव्हते, बघणारे कुणी नव्हते. आम्ही एकदा सहज विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "ये रोजे अच्छे लगे बेटा."

आम्ही त्यावर काही बोललो नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट ठरवली आहे आणि आमच्यापुरती पाळतो. रमजानमध्ये भेटलेल्या माणसाला रोजा आहे का, हे आम्ही विचारत नाही. तब्येत कशी आहे, एवढेच विचारतो.